निम्म्या भिंतीचा सौदा

वाघमारे साहेब,

तुम्ही जाऊन बारा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे. सकाळी शटर वर केलं की पहिली नजर त्या भिंतीवर जाते, आणि तिथंच आपलं भांडण सुरू होतं. फरक एवढाच, की आता तुमच्या वाट्याचं बोलणंही मलाच बोलावं लागतं आणि ते मला नीट जमत नाही. एकाच भिंतीबद्दल तुम्ही मला तीन वेळा तीन गोष्टी सांगितल्यात. त्यातली कुठली धरायची, ते न सांगताच गेलात.

सोसायटीतले लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलत आहेत. शांत होते, कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, असं म्हणतात. मी गप्प ऐकते. माझ्या अध्यातमध्यात तुम्ही पुरेपूर होता, साहेब. आणि शांतपणाबद्दल बोलायचं तर सव्वा वर्ष तुम्ही माझ्या दुकानावरून जिना चढलात-उतरलात आणि आपण एकमेकांशी धड एक शब्द बोललो नाही. ती शांतता मला तरी गोड लागली नाही.

जुळे सोलापुरातल्या या बिल्डिंगीत मी खालचे दोन गाळे घेतले, तेव्हा बिल्डरला दोन महिने घासाघीस करून रडवलं होतं. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून आलेली, दारोदार टोपली फिरवून कडक भाकरी विकलेली बाई मी. सांगितलेल्या भावाला घेतलेली एकही वस्तू माझ्या घरात नाही. सरकारी इंजिनिअरची नोकरी संपवून तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलात आणि पहिल्याच शनिवारी खाली येऊन भाकरीचा पुडा उचललात. किंमत विचारलीत आणि मी सांगितले तेवढे पैसे ठेवलेत. मला असल्या माणसाचा भरवसा वाटत नाही.

"साहेब, जरा कमी करून मागा की," मी म्हटलं. "मला बरं वाटंल."

"अक्का, भाकरी एवढ्याचीच आहे ना?"

"हाय की."

"मग कमी कशाला मागू?"

भाकरी थापणाऱ्या माझ्या बायका पदराआड हसल्या. त्या दिवसापासून दर शनिवारी तुम्ही यायचात. पुडा घेऊन सरळ वर जाल तर ते नाही. आधी कॉलमवर बोटांची पेरं वाजवायची, मग मान वर करून बीम बघायचा, मग कोपऱ्यातला ओलाव्याचा डाग बघायचा. बायका एकमेकींना म्हणायच्या, "आले गं डॉक्टर, खांबाची नाडी बघायला." तुम्हाला ते ऐकू यायचं. एकदा तुम्हीच म्हणालात, "नाडी बरी आहे. पथ्य सांभाळा म्हणावं." मलाही हसू आलं होतं. तेव्हा ते पथ्य माझ्याच वाट्याला येणार आहे, हे मला कुठं माहीत?

किल्लारीचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. नोकरीत नवे असताना भूकंपानंतर पडलेल्या घरांच्या नोंदी करायला तुम्हाला तिकडच्या खेड्यांत पाठवलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची हातभर माती. एक म्हातारा पडलेल्या घराजवळ उभा होता. त्यानं तुम्हाला विचारलं, "साहेब, आमी एवढं जाड बांदलं, तरी असं कसं झालं?" तुम्ही मला म्हणालात, "अक्का, मला उत्तर माहीत होतं. जाड बांधलं म्हणूनच झालं. भिंतीचे दगड एकमेकांना धरून नव्हते आणि वर एवढं ओझं होतं. पण त्या माणसाला ते सांगणार कसं?" मग भाकरीचा पुडा घेऊन तुम्ही जिना चढून गेलात. मी तवा उलटा टाकला होता की सुलटा, ते दोन मिनिटं मला कळलं नाही.

तरीही मी ती भिंत पाडायला निघाले. माझी बाजू मी आजही सांगते. दोन गाळ्यांच्या मधली ती भिंत माझ्या धंद्याच्या मधोमध होती. अलीकडं पीठ मळायचं, भाकरी थापायची, भाजायची. पलीकडं वाळवायची आणि पुडे बांधायचे. दिवसातून शंभरदा बायका डोक्यावर टोपली घेऊन एका शटरमधून रस्त्यावर यायच्या आणि दुसऱ्या शटरमधून आत जायच्या. पावसात भाकरी मऊ पडायची. पुण्याहून मोठी मागणी येत होती. या रस्त्यावरच्या चहावाल्यानं त्याची मधली भिंत पाडली, मोबाइलवाल्यानं पाडली. त्यांना कुणी काही बोललं का? मीच काय घोडं मारलं होतं?

तुम्ही म्हणालात, पाडायची नाही. हे तुमचं पहिलं सांगणं.

"वरच्या तीन मजल्यांत जागोजागी भिंती आहेत," तुम्ही सांगत होता. "खाली पुढून सगळी शटरं आणि मागं पार्किंग. तळात इमारतीला धरून ठेवणाऱ्या भिंती मोजून चार. त्यातली एक तुम्ही काढताय. उद्या जमीन हलली तर वरचं सगळं खोकं एकसंध हलेल आणि सगळा ताण या खालच्या कॉलमवर येईल. कॉलम म्हणजे पाय आहेत, अक्का. पायांतलं बळ काढून घेऊ नका."

"सोलापुरात कुटं भूकंप होतो, साहेब?"

"तिकडचे लोकही असंच म्हणत होते."

मला राग आला. राग आला की मी कानडीत जाते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला कानडी येत नव्हतं आणि तरी तुम्ही मान डोलावत उभे होता. त्यानं मी आणखी चिडले.

मग गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. रविवारची सकाळ होती. मी सगळ्यांसाठी शेंगाचटणी नि भाकरी घेऊन गेले होते. सौद्याला रिकाम्या हातानं जायचं नसतं. तुम्ही तुमचं सांगितलंत, मी माझं सांगितलं. अध्यक्षांना दोघांनाही दुखवायचं नव्हतं. ते म्हणाले, "दोघांचंही राहू द्या. मधलं काहीतरी काढा." मी वाटच बघत होते. मधलं काढणं हे माझं रोजचं काम आहे. समोरचा शंभर म्हणतो, मी साठ म्हणते आणि दोघांनाही माहीत असतं की ऐंशीला सौदा ठरणार. मी म्हटलं, "निम्मी ठेवते. छातीएवढी राहू द्या, वरून टोपल्या द्यायला येतील."

तुम्ही मान हलवलीत. "तसं नसतं ते," एवढंच म्हणालात.

तेव्हा मी ते बोलले. बोलले ते बोललेच. "साहेब, नोकरीत असताना तुम्ही किती बिल्डिंगींच्या कागदांवर सह्या केल्या? त्यातली एक तरी पाडायला लावली का? तितं गप बसला, आन् आज भाकरीवाल्या बाईला कायदा शिकवताय व्हय?"

लोक हसले. अध्यक्षही हसले. तुम्ही गच्चीच्या फरशीकडं बघत म्हणालात, "ठीक आहे. निम्मी."

हे तुमचं दुसरं सांगणं.

सौदा जिंकल्याचा आनंद मला चांगला माहीत आहे. त्या दिवशी झाला तोही तसाच वाटला. हरलेला माणूस चिडतो, हात झटकतो, पुन्हा तुझ्याकडं येणार नाही म्हणतो. तुमचा चेहरा तसा नव्हता. हे मला तेव्हा दिसलं होतं का? दिसलं असावं. मी चटणीचा डबा बंद करण्यात गुंतले होते.

रफिक मिस्त्रीनं एका दिवसात वरची निम्मी भिंत उतरवली आणि राहिलेल्या भिंतीवर काळा कडप्पा बसवला. काम इतकं सोपं झालं की बायका गाणी म्हणायला लागल्या. इकडून टोपली ठेवायची, तिकडून उचलायची. आणि महिन्याभरानं तुम्ही खाली आलात, शनिवार नसताना. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी ओढून काढलीत.

"अक्का, हे बघा. ही काडी म्हणजे तुमचा कॉलम." तुम्ही काडीचं खालचं टोक चिमटीत धरलंत आणि वरचं टोक बोटानं ढकललंत. काडी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. "पूर्ण उंचीला वाकायला जागा आहे, म्हणून टिकली. आता ही निम्मी भिंत कॉलमला कमरेपर्यंत धरून ठेवते." मग तुम्ही काडी अर्ध्यावर घट्ट धरलीत आणि वरचं टोक तेवढंच ढकललंत. काडी कटकन मोडली.

"माझा खराटा मोडू नका," मी म्हटलं.

"निम्मी भिंत सगळ्यात वाईट, अक्का. अख्खी असती तर चाललं असतं. ठेवायची तर वर बीमपर्यंत ठेवा, नाहीतर मग फट—"

"साकु!" मी ओरडले. साकु म्हणजे पुरे, हे एवढं कानडी तुम्हाला कळत होतं. "आधी म्हणालात पाडू नका. मग चार लोकांत निम्मी म्हणालात. आता म्हणता निम्मी वाईट. असा दर घडीला भाव बदलणारा माणूस मी दुकानात उभा करत नाही. शब्द दिला की दिला. जावा वर."

तुम्ही मोडलेल्या काडीचे दोन्ही तुकडे उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलेत आणि गेलात.

एवढा माझा राग आहे, साहेब. तोंडी ठरलेला सौदा मी आयुष्यात मोडलेला नाही. नुकसान झालं तरी नाही. आणि सरकारी नोकरीत जन्म घालवलेल्या शिकलेल्या माणसानं चार लोकांत दिलेला शब्द महिन्यात फिरवावा? सव्वा वर्ष मी हा राग जपला. तुम्ही भाकरी घ्यायला वहिनींना पाठवायला लागलात. त्या तरी थोडा भाव करायच्या.

मधे एकदाच तुम्ही माझ्या दारात आलात. दुपारची वेळ होती. रॅकवरचे डबे खडखडायला लागले, पत्र्याचं झाकण खाली पडलं. बायका एकमेकींकडं बघतात न बघतात तोच जिन्यावरून तुमचा आवाज आला, "बाहेर या! सगळ्या बाहेर! रस्त्यावर या, भिंतीपासून लांब!" एका पायात चप्पल, बनियनवर, घामाघूम तुम्ही शटरमध्ये उभे. बायका पिठाच्या हातांनी पळाल्या. मी बाहेर डोकावले, तर कोपऱ्यावर रस्त्याचा रोलर चालला होता. "रोलर हाय, साहेब!" मी म्हटलं. बायका रस्त्यात हसून हसून वाकल्या. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. आत येऊन कॉलमचा तो भाग बघितलात, जिथं निम्मी भिंत संपते, आणि एका चपलेनं वर गेलात.

त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं? मला नुसता कॉलम दिसतो. रंग दिलेला, सरळ, न हललेला कॉलम. सव्वा वर्षात भूकंप झाला नाही, म्हणजे माझं बरोबर ठरलं का? तसं म्हणावं तर उद्याचं कुणी बघितलंय? आणि तुमचं बरोबर ठरायचं तर ही बिल्डिंग माझ्या बायकांच्या अंगावर यायला हवी. असलं भांडण मी कधी केलं नव्हतं. माझ्या सगळ्या भांडणांचा निकाल संध्याकाळपर्यंत लागतो.

रविवारी तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी मागं बसले होते. वंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली. मी निघाले तर वहिनींनी हात धरून आत नेलं. मला वाटलं, आता ऐकवणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"अक्का, ते तुमच्यावर रागावले नव्हते हो," वहिनी म्हणाल्या. "गच्चीवरच्या त्या मीटिंगहून आले ते जेवलेच नाहीत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, आज मी भाव केला. म्हटलं, कशाचा? तर म्हणाले, ज्याचा करायचा नसतो त्याचा."



"ते फटीचं काही बोलले होते का?" मी विचारलं. "भिंतीत फट ठेवा, असं काहीतरी?"

"मला त्यातलं काय कळतंय, अक्का? तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

सांगत होता तुम्ही. मीच साकु म्हटलं.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. तुम्ही शब्द फिरवलात, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, तुम्ही गच्चीवर दिलात तो शब्द नव्हताच. मी चार लोकांत तुमच्या नोकरीवर बोट ठेवलं, ते लागलं, आणि लागलेल्या माणसानं विषय मिटवायला निम्मी म्हटलं. इंजिनिअरनं हो म्हटलंच नाही. मग मी जिंकलेला सौदा कुणाशी झाला होता? की हेही मी आता तुम्ही गेलात म्हणून म्हणते आहे? तुम्ही असता तर मी अजून तेच धरून बसले असते का? आणि एक विचारू? माझं ते बोलणं इतकं का लागलं, साहेब? त्यात काही खरं होतं का? हे तुम्हाला विचारायची माझी हिंमत झाली नसती, आणि तुम्ही सांगितलंही नसतं.

मंगळवारी मी गावातल्या दुसऱ्या एका इंजिनिअरकडं गेले. मोबाइलवर फोटो दाखवला. त्यानं फोटोवरून बोट फिरवलं न फिरवलं आणि म्हणाला, "काही होत नाही मावशी, सगळीकडं असंच आहे. कागद हवा तर करून देतो." मला हवं होतं नेमकं तेच तो बोलला आणि मला बरं वाटलं नाही. माल न बघता हो म्हणणारं गिऱ्हाईक मी लांबून ओळखते. तुम्ही निदान कॉलमवर बोटं वाजवायचात.

मग रफिकला बोलावलं. "फट कुठं ठेवायची असते रे?" मी विचारलं.

"कॉलमला सोडून ठेवतात बहुतेक, अक्का. कॉलम मोकळा हलावा म्हणून."

"किती बोटं? आत काय भरायचं?"

"ते साहेबच सांगणार की."

"साहेब गेले."

फट मला स्वस्त पडते. भिंत निम्मी राहते, हॉल मोकळा राहतो, बायकांची वणवण वाचते. म्हणूनच मला तिचा संशय येतो. मला परवडते म्हणून ती पटते आहे की ती खरीच चालली असती म्हणून, हे मला सांगता येत नाही. माझ्याच मनाचा मला भरवसा नाही, असं कधी झालं नव्हतं. आणि अर्धवट ऐकलेलं औषध माझ्या बायकांना आणि वरच्या तीन मजल्यांना कसं देऊ? तुमच्या तिन्ही सांगण्यांतलं एकच मी पूर्ण ऐकलं होतं, ते पहिलं.

"वरपर्यंत चढव," मी रफिकला म्हटलं.

"अख्खी? अक्का, टोपल्या?"

"अख्खी."

त्यानं मजुरी सांगितली. मी हो म्हटलं. मला बरं नाही की काय, असा तो माझ्याकडं बघत राहिला. शेवटी त्यानंच शंभर रुपये कमी केले.

कडप्पा निघाला. नवी वीट जुन्या विटेच्या दातांत अडकवून रफिकनं भिंत चढवली. बीमच्या खाली एक थर मोकळा ठेवलाय. तो म्हणतो, खालचं बांधकाम बसू द्यायचं, मग चार दिवसांनी तो थर ठासून भरायचा, म्हणजे बीमला घट्ट टेकतो. बायका माझ्यावर नाराज आहेत. पुन्हा डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावरून ये-जा. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मेलेल्या माणसाचं ऐकायला लागली अक्का. जित्याचं कधी ऐकलं नाही." मी तिला झापलं नाही. काय झापणार?

पुण्याच्या माणसाला मी सांगून टाकलं की ठरला तेवढा माल या महिन्यापासून जमणार नाही. तो फोनवर तडकला. "अक्का, तुमचा शब्द म्हणून मी पुढं माल कबूल केला होता." तो म्हणाला ते बरोबर होतं. तुम्हाला मी जे म्हटलं होतं तेच त्यानं मला म्हटलं. मी त्याला खराट्याच्या काडीचं सांगायला गेले, पण मला ते नीट सांगता येईना. काडी कुठं धरायची आणि किती ढकलायची, हे तोंडी कसं सांगणार? तो मधेच म्हणाला, "काय काड्यांचं सांगताय?" आणि फोन ठेवला.

तर आता आपण दोघं शब्द फिरवणारे झालो, साहेब. तुम्ही बरोबर होता का, हे मला आजही माहीत नाही. ही भिंत सगळी चढली तरी माहीत होणार नाही, आणि देवाजवळ मागणं एवढंच की कधीच माहीत होऊ नये. तुमच्यात वर कुणी भेटतं वगैरे मानत नाहीत. आमच्यात मानतात. आमच्यातलंच खरं निघालं आणि वर कुठं गाठ पडलीच, तर त्या फटीपासून सुरू करा. कुठं ठेवायची, किती बोटं, आत काय भरायचं. मी मधे बोलणार नाही.